पाणी आधी मनगटावर

आई, आज चौदावा दिवस. काल तेराव्याचं जेवण झालं, लोक गेले, आज दुपारच्या विमानानं तुमची लेक मंगलही पुण्याला गेली. आता घरात मी, तुमचा प्रदीप आणि ठकी. प्रदीप बसल्या बसल्या सोफ्यावर झोपलाय. ठकी तुमच्या पलंगावर, पायथ्याशी, तिच्या ठरलेल्या जागी बसून पाठ चाटतेय. आणि मी तुमच्या खुर्चीत बसलेय, कारण उठून दुसरीकडे जाण्याचं त्राण नाही.

खरं सांगते, तुम्ही गेलात त्या सकाळी मला रडू आलं नाही. झोप आली. ब्लॉकमधल्या बायका येऊन हात धरून म्हणत होत्या, "हिम्मत रखिए भाभीजी," आणि मी मान हलवत होते. मनात म्हणत होते, हिंमत आहे हो, चार तास झोप द्या. सून म्हणून हे सांगायला लाज वाटायला हवी, पण तुमच्यापुढे खोटं बोलून मला कधी पचलं नाही. मीठ विसरले तरी तुम्ही ताटावरनं नुसती नजर वर करून बघायचात.

मला तुमच्याशी एकाच सकाळबद्दल बोलायचंय. तुम्ही होतात तेव्हा दोन महिने हाताशी होते, तेव्हा बोलले नाही. आता बोलते. पण ठकीपासून सुरुवात केल्याशिवाय ते सांगता यायचं नाही.

ही मांजर घरात नको, असं तुम्हीच म्हणाला होतात. बाबा गेल्यावर तुम्ही मिरजेचं घर बंद करून आमच्या ह्या सरकारी क्वार्टरमध्ये आलात, त्याला सहा-सात महिने झाले असतील. जिन्याखाली स्कूटरच्या मागे हे पांढरं पिल्लू ओरडत होतं. मी वर घेऊन आले, तर तुम्ही देवघराच्या दाराशी उभ्या. "सुषमा, केस पडतात. नैवेद्यात केस गेला तर कोण जबाबदार?" मी म्हटलं, दोन दिवस ठेवू, मग बघू. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर तुमच्या जुन्या पातळाच्या घडीवर पिल्लू झोपलेलं आणि नाव ठेवून झालेलं. ठकी. तुम्हीच म्हणालात, "दिल्लीत मराठी कळणारं घरात कुणीतरी नको का? तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, तुमची ईशा हॉस्टेलवर. ती आली तरी तिला निम्मं मराठी हिंदीत सांगावं लागतं."

आणि मग ती दिवाळी. नरकचतुर्दशी. तुम्ही पहाटे साडेपाचला सगळ्यांना उठवलंत. प्रदीपला तेल लावलंत, उटणं लावलंत. पन्नाशीचा माणूस पाटावर मुकाट बसला होता. माझं झालं. मी स्वयंपाकघरात चहा टाकला, तर बाथरूममधून भलताच आवाज. येऊन बघते तर तुम्ही पाटावर बसलेल्या, पाय समोर लांब केलेले, आणि तान्ह्या बाळाला घेतात तसं ठकीला पायांवर पालथं घातलेलं. तिच्या पाठीला सुगंधी तेल चोळून झालं होतं, उटणं सुरू होतं. पिल्लू बिचारं भीतीनं गपगार. "सणाचं कुणी पारोसं राहू नये," म्हणालात. "मिरजेत आमच्या गल्लीतली निम्मी पोरं ह्या पायांवर न्हाली आहेत. मला नको शिकवूस." वर तिला ओव्याची धुरी देणार होतात, ती प्रदीपनं थांबवली.

दहा वाजेपर्यंत ठकीनं ते सगळं तेल आणि उटणं चाटून काढलं होतं. अकराला पहिली उलटी. बारापर्यंत तिनं मान टाकली. सणाच्या दिवशी डॉक्टर कुठे मिळणार? मी फोन करत बसले आणि तुम्ही तिला पदरात घेऊन "मी काय केलं गं, मी काय केलं," एवढंच म्हणत होतात. शेवटी साउथ एक्स्टेन्शनकडे एक जण सापडले. रिक्षात तुम्ही नऊवारीतल्या, कपाळाला देवाचं गंध, आणि मांडीवर तेलकट मांजर. रिक्षावाला आरशातून बघत होता.

डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी तुम्हाला समोर बसवून नीट समजावलं. "माताजी, बिल्ली के बदन पर जो लगाओगे, वो चाट के खा जाएगी. तेल, साबुन, पाउडर, फिनाइल, सब पेट में." मग म्हणाले, कधी तेल लागलंच तर आधी पाणी नाही. कोरडा आटा किंवा कॉर्नफ्लोर चोळा, ते तेल पिऊन घेईल, मग कंगवा, मग कोमट ओला कपडा. तुम्ही शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होतात. "जी डॉक्टरसाब. बिल्कुल." परत येताना तुम्ही पदरानं तिचं डोकं पुसत होतात. मग म्हणालात, "सुषमा, मी एवढी पोरं न्हाऊ घातली, एकालाही उलटी झाली नाही." मी म्हटलं, "आई, ती पोरं स्वतःला चाटत नव्हती." आणि तुम्ही हसलात. बाबा गेल्यानंतर तुम्हाला तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तेव्हापासून मला ती मांजर आवडायला लागली, हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

त्यानंतर मात्र तुम्ही घरातल्या हेडमास्तरीण झालात. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुमच्या टपोऱ्या अक्षरात नियम लिहून बाथरूमच्या दाराआड चिकटवलेत. पहिलाच नियम, अंगाला लावलं म्हणजे पोटात गेलं. मी फरशी फिनाइलनं पुसली की ती वाळेपर्यंत ठकी तुमच्या खोलीत कोंडलेली. आपला साबण नाही, आपला शाम्पू नाही. केसांत गुठळी झाली तर ओढायची नाही, कात्रीही नाही, कारण कातडं पातळ असतं आणि केसांबरोबर वर येतं. बोटांनी सोडवायची, नाही सुटली तर उद्या. कान आतून ओले करायचे नाहीत. आणि ती नको म्हणाली की थांबायचं. ह्या शेवटच्या नियमावर मी म्हटलं होतं, "माझ्यासाठी पण लावा हा नियम." तुम्ही ऐकलं नाही असं दाखवलंत.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरनं राहिलं. अंघोळ. दिल्लीच्या धुळीत पांढरी मांजर. मे महिन्यात आंधी आली की ती बाल्कनीतून मातकट होऊन यायची, नोव्हेंबरात धुरानं करडी. मी म्हणायची, आई, माणसांची फुप्फुसं काळी होतायत, हिला वर्षातून दोनदा तरी स्वच्छ न्हाऊ घालू, मांजरांचा वेगळा शाम्पू मिळतो. तुम्ही म्हणायचात, "ती दिवसभर तेच करते. आपण वरवरची धूळ तेवढी काढायची. तिच्या कामात नाक खुपसायचं नाही." "अहो पण तीच धूळ चाटते ना ती." "म्हणून तर पुसते मी रोज." चार वर्षं हेच. रविवारी सकाळी हमखास. अजूनही मला वाटतं की माझंच बरोबर होतं, उन्हाळ्यात एकदा अंघोळ चालली असती. घ्या, बोला आता.

आणि तुमचे ते टॉवेल. मिरजेहून आलेल्या प्रत्येकाला असतं तसं तुम्हालाही पानिपत बघायचं होतं. प्रदीपनं रविवारी गाडी काढली. तिथे तुम्ही चपला काढून, हात जोडून उभ्या राहिलात, डोळ्यांत पाणी आलं, मलाही आलं. आणि परतीच्या वाटेवर दुकान दिसलं, तिथे उतरून डझनभर टॉवेल घेतलेत. "पानिपतावर आपलं जे झालं ते झालं, टॉवेल मात्र चांगले मिळतात." त्यातला निळा धुऊन धुऊन मऊ झाला, तो ठकीचा. दुपारी उन्हात बसून तुम्ही तो मांडीवर पसरायचात. आधी फणी. मग मऊ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचं. तोंडाला वेगळं फडकं. मग मानेपासून शेपटीकडे, केसांच्या वळणानं, कधी उलटं नाही. लगेच कोरड्या टॉवेलनं टिपायचं. ठकी डोळे मिटून घ्यायची. मी बघत असायची, पण काम सोडून बघते आहे असं तुम्हाला दिसू नये म्हणून हातात कपड्यांची घडी घेऊन.

मग गेल्या फेब्रुवारीत तुम्ही बाथरूममध्ये पडलात, आणि खुबा गेला.

ऑपरेशन झालं तरी तुम्ही परत उभ्या राहिला नाहीत. नर्सिंग ब्यूरोतून तुमचं करायला बायका आल्या, एक पंधरा दिवस, एक महिनाभर, एक तर दोन दिवसांत "नहीं होगा दीदी" म्हणून गेली. मग मीच. रोज सकाळी साडेसहाला. पहिल्या दिवशी मी बादली आणि फडकं घेऊन आले आणि तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलंत. मला कळत होतं. जिनं सगळ्या गल्लीला न्हाऊ घातलं तिनं सुनेच्या हातून अंग पुसून घ्यायचं. मलाही अवघडच होतं हो. मी कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ठकीला हाक मारलीत. ती पायथ्याशी येऊन बसली. आणि मी फडकं पिळलं तशी तुम्ही बोलायला लागलात. "मानेखाली नीट पूस. ठकीचाही तिथेच मळ धरतो." "काखेत कोरडं कर, ओल राहिली की चिघळतं. तिच्या पोटाखाली तसंच." "जोरानं नको. वळणावळणानं." अंग तुमचं, पण धडा ठकीचा. तुमचं झालं की म्हणायचात, "आता तिला." मी घड्याळाकडे बघत तिलाही पुसायची. साडेआठला निघायचं, नऊला हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायचा, आणि माझ्या ऑफिसच्या साडीवर पांढरे केस. मला वाटायचं, ह्या बाईला काय माझी दया येत नाही. एक म्हातारी, एक मांजर, दोघींच्या अंघोळी करून मी भारत सरकार चालवायला जाते.

ती सकाळ नोव्हेंबरातली. नऊला मीटिंग होती, फाइल मीच मांडायची होती. मी बादली भरून तुमच्या खोलीत ठेवली आणि फोन आला. सेक्शनमधला कुणीतरी, आकडे जुळत नव्हते. पंधरा मिनिटं गेली. मी परत आले, फडकं बुडवलं, पिळलं आणि सरळ तुमच्या पाठीवर ठेवलं. पाणी पार गार झालं होतं. माझ्या बोटांना कळलं होतं, आई. कळलं होतं आणि मी तरी तेच पाणी वापरलं, कारण परत बाथरूमपर्यंत जायचं, गीझर लावायचा, थांबायचं, एवढं माझ्यात नव्हतं. तुमच्या पाठीवर काटा आला. तुम्ही ओठ मिटून घेतलेत. मी म्हटलं, "हात वर करा ना आई, उशीर होतोय मला," आणि तुम्ही करायच्या आत मीच तो हात धरून वर ओढला. तुमच्या तोंडून एक आवाज आला, बारीकसा. ठकी पलंगावरून उतरून पलंगाखाली शिरली.

मी चहा आणायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा तुमचा आवाज ऐकू आला. तुम्ही ठकीशी बोलत होतात. "ठके, तुला पुसताना मी पाणी आधी मनगटावर बघते की नाही?" रागानं नाही. चौकशी करतात तसं. मी गॅससमोर उभी राहिले. चहा उतू गेला. मग चहा तुमच्या उशाशी ठेवला आणि ऑफिसला गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी रोज मनगटावर बघितलं. तुमच्यासमोर, तुम्हाला दिसेल असं. तुम्ही बघत होतात. पुढे डिसेंबर आला, जानेवारी आला, दिल्लीचं ते धुकं, आणि मग एका सकाळी मी बादली घेऊन आले तेव्हा तुम्हाला पाण्याची गरज उरली नव्हती.

आता जे सांगणार आहे ते ऐकून रागवा हवं तर. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या भसीन मॅडमना फोन केला. त्यांच्याकडे नोएडाला तीन मांजरी आहेत. म्हटलं, मॅडम, हमारी बिल्ली आप रख लेंगी? त्या लगेच हो म्हणाल्या, चौदाव्या दिवशी येते म्हणाल्या. प्रदीप म्हणाला, बघ बुवा, तुला झेपत नसेल तर. मंगल म्हणाली, आई होती तोवर ठीक होतं, वहिनीनं किती करायचं. सगळे माझ्याच बाजूनं बोलत होते आणि मला कुणाचंच ऐकवत नव्हतं. मी स्वतःला सांगत होते की तुम्ही कधी म्हणाला नाहीत, सुषमा, माझ्या मागे ठकीला सांभाळ. एकदाही नाही. मग मी वचन मोडत नाही.

तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर वाटीएवढा दिवा ठेवला होता, तिळाच्या तेलाचा. दहाव्याच्या संध्याकाळी मंगलनं तिथे ताटात तांदळाचं पीठ पसरलं. सकाळी त्यात उमटलेलं बघायचं, गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं, मिरजेला तुमच्याकडे करतात तसं. वर टोपली झाकायला हवी. प्रदीप दोन मार्केट हिंडला, बांबूची टोपली मिळाली नाही. मग भाजीची प्लास्टिकची जाळी झाकली. ठकीला बाहेर ठेवायचं, हे तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. इतकी ती त्या खोलीचीच झालीय.

सकाळी साडेसहाला मला सवयीनं जाग आली. मंगल आधीच तिथे उभी होती, शाल तोंडावर धरून. जाळी बाजूला पडलेली, दिवा कलंडून विझलेला, आणि पिठात मांजराची पावलं. अगदी स्वच्छ, चार. "वहिनी," ती म्हणाली, "आई मांजर झाली." प्रदीप मागून आला. "अगं मंगल, ठकीची आहेत ती. प्लास्टिकची जाळी, एका धक्क्यात उडणार यार." "कळतं मला," मंगल म्हणाली, "मूर्ख नाहीये मी." आणि ती खाली बसून रडायला लागली. तोही तिच्या शेजारी बसला. मग दोघं भावंडं ती पावलं बघत रडत होती.

मी पावलं बघत नव्हते. मी तेल बघत होते. दिवा आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरलेला, आणि फरशीवर दोन-चार थेंब. मग बाकीचं गेलं कुठे?

मी वाकून पलंगाखाली बघितलं. ट्रंकेमागे ठकी. मानेपासून शेपटीपर्यंत तेलानं चपचपीत, त्यावर पीठ चिकटलेलं, आणि तिनं खांद्यापासून चाटायला सुरुवातही केली होती. मला ती दिवाळी आठवली, ती टाकलेली मान आठवली. थकवा कुठे गेला ठाऊक नाही. निळा टॉवेल ओढला, तिच्यावर टाकला, तोंड बाहेर ठेवून गुंडाळलं आणि बाहेर काढलं. प्रदीपला म्हटलं, हीटर लाव, पण लांब ठेव, आणि डॉक्टरना फोन कर. डॉक्टर म्हणाले, किती चाटलं ते बघा, सुस्त झाली किंवा उलटी झाली तर लगेच आणा, तोपर्यंत तेल काढा. कॉर्नफ्लोरचा डबा उघडला तर रिकामा, कणीकही आदल्या रात्री संपलेली. मी मंगलला म्हटलं, "ते पीठ दे."

ती बघतच राहिली. "वहिनी, ते आईचं आहे."

"आईनंच सांगितलंय. तेल लागलं तर आधी पाणी नाही, पीठ. दे इकडे."

तिनं ताट उचललं. मला वाटलं घेऊन जाईल. पण ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनंच मूठ भरून ते पावलांचं पीठ ठकीच्या पाठीवर घातलं. मी हळूहळू चोळलं, डोळ्या-नाकाकडे जाऊ न देता. पीठ पिवळं झालं की फणीनं काढायचं, परत घालायचं. तीनदा केलं. ताट रिकामं झालं. ठकी एकदाच गुरगुरली, मी थांबले, ती गप्प झाल्यावर परत सुरू केलं. मंगल तिला धरून बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आईला असंच पुसायचीस?"

"हो."

"मी एकदाही नाही केलं." तिची नजर खालीच होती. "आले की ती म्हणायची, तू पाहुणी आहेस, सुषमाला सवय आहे."

मी बादलीत पाणी आणलं. त्यात मांजराच्या शाम्पूचे दोन थेंब. हो, मी तो लपवून आणून ठेवला होता, गेल्या उन्हाळ्यात. फडकं बुडवलं. आणि मंगल सहज म्हणाली, "पाणी गार नाही ना?"

माझा हात तिथेच थांबला. मग मी तिला सगळं सांगितलं. फोन, गार पाणी, पाठीवरचा काटा, ओढलेला हात, तो आवाज. ठकीला तुम्ही काय म्हणालात तेही. तुमच्या लेकीला सांगितलं, आई. म्हटलं, ती आता जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. माझे अश्रू ठकीच्या डोक्यावर पडत होते आणि ती कान झटकत होती.

मंगलनं ठकीच्या डोक्यावरचं पाणी बोटानं पुसलं. मग म्हणाली, "आई मला दर रविवारी फोन करायची, तुला माहितीये."

माहीत होतं. तुम्ही दार लावून बोलायचात, आणि मला बाहेर कळायचं की माझ्याबद्दलच चाललंय.

"सगळं सांगायची. आमटीत गूळ कमी पडला, तू जोरात दार लावलंस, तू ठकीसाठी शाम्पू आणून लपवलास, सगळं." ती टॉवेलची कड सारखी करत होती. "हे नाही सांगितलं. कधीच नाही सांगितलं, वहिनी."

मी फडकं हातात धरून बसून राहिले. शाम्पूचं तुम्हाला ठाऊक होतं. आणि गार पाण्याचं तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत, पोटच्या मुलीलासुद्धा नाही. पोटात ठेवलंत. मला तुमचा एवढा राग आला, आणि एवढं बरं वाटलं, की दोन्ही एकदम सोसवेना. मग ते पाणी निवलं, मी उठून दुसरं आणलं, मनगटावर बघितलं आणि ठकीला पुसलं. मानेपासून शेपटीकडे. मग साध्या पाण्याचं फडकं दोनदा, शाम्पू राहू नये म्हणून. मग कोरडं. मंगलनं तिला टॉवेलात धरून हीटरपासून हातभर लांब बसून तासभर टिपलं. उलटी झाली नाही. दुपारी तिनं पोटभर खाल्लं.

आई, तुम्ही कधी म्हणाला नाहीत की ठकीला सांभाळ. नऊ महिने रोज सकाळी शिकवत राहिलात तेवढं. मला वाटत होतं तुम्हाला लाज झाकायची आहे म्हणून तिचा विषय काढता. तेही असेल. पण सांगणं असतं तर मी नाही म्हणू शकले असते, आणि शिकलेलं आता परत कुणाला देऊ? भसीन मॅडमना मी आज सकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, अच्छा, कोई बात नहीं, मुझे लग ही रहा था.

मला अजूनही झेपेल की नाही माहीत नाही. उद्यापासून ऑफिस आहे. अंगठा आहे, फाइली आहेत, साडीवर केस असणार आहेत. उन्हाळ्यात मी हिला एकदा अंघोळ घालणारच आहे, तुम्ही काहीही म्हणा.

आज सकाळीही साडेसहाला जाग आली. मी न ठरवता बादली भरली आणि तुमच्या खोलीत आले. पलंग रिकामा, चादर बदललेली, पायथ्याशी ठकी. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मी तुमच्या जागेवर बसले, निळा टॉवेल मांडीवर पसरला. मग पाणी मनगटावर घेतलं आणि मोठ्यानं विचारलं, "आई, गार नाही ना?"

ठकी उठून मांडीवर आली. पाणी कोमट होतं.